शक्ती आणि लगाम

विजयादशमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. आणि घरात शस्त्रे उरली नाहीत म्हणून अवजारांची, यंत्रांची व वाहनांची करतो. ग्वाल्हेरीत या दिवसाला अजूनही थोडा संस्थानी थाट आहे. कंपू भागातील टेकडीवर मांढऱ्यांच्या मातेचे देऊळ आहे. तेथे शिंदे घराण्याचे प्रमुख शमीचे पूजन करतात, शमीवर तलवार चालते आणि खाली पडलेली पाने लोक 'सोने' म्हणून वेचून घेतात. त्याच दिवशी लष्करातील गल्लीगल्लीत दारापुढच्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडतात, हळदकुंकू लागते आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. या गाड्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक निराळी मोटारसायकल दिसू लागली आहे. तिच्या अंगावर कवच नाही. इंजिन, नळ्या, नळकांड्यांचा सांगाडा, साखळी हे सारे उघडे. मागची बाजू आखूड, पुढची चाल करून येणाऱ्या जनावरासारखी झुकलेली. व्यवसायाच्या भाषेत हिला 'नेकेड', म्हणजे नग्न, असेच नाव आहे. घरातला तरुण तिच्याकडे ज्या दृष्टीने पाहतो आणि त्याचे आईवडील ज्या दृष्टीने पाहतात, त्यांत महदंतर आहे. परंतु कुंकू मात्र दोघेही एकाच तबकातून लावतात. ही पूजा नेमकी कशाची, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घ्यावयाचा आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. कारण ज्या वस्तूची निंदा किंवा स्तुती करावयाची ती नीट पाहिलेली असावी, हा वादाचा पहिला नियम आहे. वेगवान मोटारसायकलींना वारा कापण्यासाठी प्लास्टिकचे कवच घालण्याची पद्धत होती. तरुण स्वार अशा गाड्यांवरून पडत, कवच फुटे, नवे घेणे परवडत नसे. म्हणून ते कवचाचे तुकडे काढून टाकून तशीच उघडी गाडी हाकीत. या नग्नतेचा उगम असा बव्हंशी पडण्यातून आणि खिशाच्या अडचणीतून झाला. पुढे कारखानदारांनी या गरजेचे सौंदर्य ओळखले. इटलीतील बोलोन्याच्या डुकाटी कंपनीने १९९३ साली 'मॉन्स्टर' नावाची गाडी बाजारात आणली. मिगेल गालुत्सी या अर्जेंटिनात जन्मलेल्या रचनाकाराने तिची आखणी केली होती. नावाचा अर्थच राक्षस. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची 'ड्यूक' आली. ही ऑस्ट्रियन सरदारीण आपल्या घरी आली ती मात्र महाराष्ट्राच्या वाटेने. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये त्या कंपनीत भागभांडवल घेतले. २०१२ मध्ये '२०० ड्यूक' आणि २०१३ मध्ये '३९० ड्यूक' भारतात विक्रीस आल्या, आणि त्या तयार होतात चाकणला. ज्या चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या अफाट सैन्याला जवळजवळ दोन महिने रोखून धरले, त्याच चाकणहून ही शक्ती आज देशभर आणि देशाबाहेरही जाते. तिला परकी म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही.

शक्ती किती, तेही सांगितले पाहिजे. रोज कचेरीला नेणाऱ्या साध्या शंभर सीसीच्या गाडीची शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती असते. '३९० ड्यूक'च्या ३७३ सीसीच्या एकाच सिलिंडरातून सुमारे ४३ अश्वशक्ती निघत असे. १९८३ साली आलेल्या आणि एका पिढीचे सारे कुटुंब वाहून नेणाऱ्या मारुती ८०० या मोटारीची शक्ती होती ३७, आणि तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. त्याहून अधिक शक्ती तिच्या चौथाईहूनही कमी वजनात घालून ती एका तरुणाच्या उजव्या मनगटाखाली ठेवलेली आहे. अश्वशक्ती हे माप जेम्स वॉटने अठराव्या शतकात आपली वाफेची यंत्रे घोडे बाळगणाऱ्यांना पटवून देण्यासाठी रूढ केले. त्या मापाने बोलायचे तर आमचा हा तरुण एका लहानशा पथकावर बसलेला आहे.

आता पूर्वपक्ष. वडील मंडळींचा पहिला आक्षेप असतो तो गरजेचा. "याची गरज काय? आठ अश्वशक्तीत बाजार होतो, देऊळ होते, नोकरी होते." हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाही. गरज ही जर एकमेव कसोटी मानली, तर ग्वाल्हेरच्या गायकीलाही उत्तर देणे अवघड जाईल. तीन सप्तकांतून सरळ कोसळणाऱ्या सपाट तानेची कोणाला गरज होती? ग्वाल्हेर घराण्याची ओळखच मोकळा, जोरकस, आडपडदा नसलेला आवाज ही आहे. वासुदेवबुवा जोशी येथे शिकले, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती विद्या दक्षिणेत नेली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. त्या वेळी या आवाजाचा उपयोग काय असे कोणी विचारले नाही. माणूस केवळ निभावण्यासाठी जगत नाही. आपल्या अंगी, किंवा आपल्या हाताखाली, किती सामर्थ्य आहे हे पाहण्याची ओढ त्याच्या ठायी आहे, आणि ती ओढ हीन नव्हे. कुस्तीचा हौदा, मल्लखांब, सह्याद्रीचे कडे आणि तबल्यावरचा रेला या सर्वांच्या मुळाशी ती आहे. ती नसती तर आपले पुष्कळसे शौर्य आणि पुष्कळशी कला झालीच नसती.

दुसरा आक्षेप दिखाऊपणाचा. त्यात तथ्य आहे. सायलेन्सर बदलून रात्री गल्ली हादरवणारा तरुण शक्तीचा उपासक नसून तिचा भाट आहे. तथापि प्रत्येक स्वार असा नसतो. पुष्कळांना या गाडीत जे भावते ते असे की तिच्यात काही लपवलेले नाही. वारा थेट छातीवर येतो. रस्त्याचा खडा तळव्याला कळतो. इंजिनाचा श्वास मांड्यांमध्ये जाणवतो. बंद काचांच्या मोटारीत ताशी शंभरचा वेग आणि दिवाणखान्यातील खुर्ची यांत फरक उरत नाही. येथे वेग वेगासारखाच लागतो. "ही गाडी खरी आहे," असे तरुण म्हणतो. या 'खरेपणा'ची परीक्षा करणे अवश्य आहे; कारण नैतिक प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

नग्नता म्हणजे सत्य काय? या प्रश्नाचा विचार करण्यास ग्वाल्हेरइतके योग्य ठिकाण नाही. किल्ल्यावर पश्चिमेकडून उरवाही दरवाजाच्या वाटेने चढू लागले की कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन तीर्थंकर मूर्ती दिसतात. पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी त्या घडल्या. त्यांतील आदिनाथांची सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फूट आहे. सर्व दिगंबर. बाबर १५२८ मध्ये येथे आला तेव्हा त्याला उरवाही हे स्थळ आवडले, पण मूर्तींची नग्नता खुपली. त्या फोडण्याची आज्ञा दिल्याचे त्यानेच आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. आज त्याच वाटेने आमचे तरुण आपल्या नग्न यंत्रांवरून गुरगुरत चढतात. दोन नग्नता समोरासमोर येतात. त्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

दिगंबराने वस्त्र टाकले ते शेवटी. त्याआधी त्याने धन, मान, भय आणि इच्छा टाकल्या होत्या. वस्त्र ही त्याच्या त्यागाची अखेरची आणि सर्वांत क्षुल्लक बाब. यंत्राने कवच टाकले ते नेमके उलट कारणासाठी: आत काय बळ आहे ते दिसावे म्हणून. किंबहुना आज कारखान्यातून येणारी ही नग्नता काळजीपूर्वक सजवलेली असते. सांगाड्याला भडक नारिंगी रंग असतो, नळ्यांची वळणे डोळ्यांना सुखावतील अशी बेतलेली असतात. जे पडण्यातून जन्मले ते आता विकण्यासाठी घडवले जाते. म्हणून हिच्या नग्नतेला असत्य म्हणावे असे नाही. पण तिला तपश्चर्येचे मोल देण्याची चूक करू नये. दिगंबर उघडा आहे, कारण त्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही. स्वार उघडा आहे, आणि त्याचे सर्व काही गमावण्यासारखे आहे. यंत्राचे इंजिन उघडे दिसते खरे, परंतु खरोखर उघडे असते ते वर बसलेल्याचे शरीर.

येथे आयरिश विचारवंत बर्क याचे स्मरण होते. १७५७ च्या आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की भयानक गोष्टी सुरक्षित अंतरावरून अनुभवल्या तर त्यांतून एक उदात्त आनंद होतो. अंतर नाहीसे झाले की केवळ भय उरते. वादळ काठावरून पाहावे. या यंत्राची मोहिनी अशी की ते हे अंतर मिटवून टाकते आणि तरीही काही काळ आनंद शिल्लक ठेवते. वादळाच्या आत बसून काठावर असल्याचा भास होणे, हीच तिची गोडी आणि हाच तिचा धोका.

धोक्याचे स्वरूप नीट कळावे म्हणून घोडा आणि यंत्र यांची तुलना करू. मराठ्यांना शक्तिमान वाहनाचे आकर्षण नवीन नाही. ग्वाल्हेरचे राज्यच घोड्याच्या टापांखाली उभे राहिले. परंतु घोडा ही शक्ती असूनही तो एक जीव होता. त्याला भूक, थकवा आणि भय होते. जून १८५८ मध्ये झाशीची राणी येथे धारातीर्थी पडली. परंपरा सांगते की स्वर्णरेखा नाल्यापाशी तिचा नवा घोडा अडला; त्याने उडी घेण्याचे नाकारले. आपण त्या घोड्याला दोष देत आलो आहोत. पण विचार केला तर त्या अडण्यात वाहनाचा एक हक्क दिसतो: तो नाही म्हणू शकत होता. शतकानुशतके माणसाच्या अविचाराला घोड्याचे भय हा एक लगाम होता; स्वार धुंद झाला तरी जनावर शुद्धीवर असे. यंत्राला भय नाही. त्याला मनगटाने सांगितले की ते निघाले. पुढे खड्डा आहे, की वळण, की शाळेतून सुटलेले मूल, हे त्याला ठाऊक नाही. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना २०१८ पासून चाक घसरू न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची झाली. ती चाकाला आवरते, स्वाराला नव्हे. ज्या सेवकाला नकार देता येत नाही, त्याच्या कृत्याची संपूर्ण जबाबदारी धन्यावर पडते, हा कायद्याचाही सिद्धान्त आहे आणि नीतीचाही.

कठोपनिषदातील रथाचे रूपक वाचकांच्या परिचयाचे आहे. शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. ग्रीसमध्ये प्लेटोनेही आत्म्याची कल्पना दोन घोड्यांच्या रथावरूनच केली. दोन्हीकडे घोडे सोडून द्या असे सांगितलेले नाही. घोडे गेले तर रथ चालणार कसा? सांगितले आहे ते एवढेच की सारथी जागा असावा. या यंत्रावर बसणाऱ्याला हे रूपक राहत नाही, ते शब्दशः खरे होते. मोटारसायकल शिकवणारे जाणते लोक दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की वेगात असताना डावीकडे वळायचे तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते. भ्यालेल्या माणसाची स्वाभाविक ओढ तेथे उपयोगी पडत नाही. दुसरी अशी की नजर जिकडे खिळते तिकडेच गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यातच पडतो, म्हणून पाहायचे ते जेथे जायचे आहे तिकडे. विषयांचे चिंतन करता करता त्यांत आसक्ती जडते आणि शेवट नाशात होतो, असे गीतेने ज्या क्रमाने सांगितले, त्याचा इतका रोकडा प्रत्यय दुसऱ्या कोणत्या विद्येत येत असेल असे वाटत नाही.

आता उत्तरपक्षातील सर्वांत प्रबळ युक्तिवाद घेऊ. तरुण म्हणतो, "जीव माझा आहे, जोखीम माझी आहे, तुम्ही मधे का पडता?" कुस्तीच्या हौद्यात किंवा कड्यावर हे उत्तर बरेचसे ग्राह्य आहे. रस्त्यावर नाही. रस्ता ही सर्वांची सामाईक जागा आहे. तेथे खाजगी जोखीम नावाची वस्तू संभवत नाही. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर पोचण्यास बहुधा तेवढाच अवधी लागतो. वेग दुप्पट केला तर थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हा हिशेब रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने मान्य केलेला नाही. तो तिच्यावर लादला जातो. २०२२ साली या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली; त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. यातील बहुतेक गाड्या साध्याच होत्या, हे खरे. दोष एकट्या बलाढ्य यंत्रांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु जेथे आठ अश्वशक्तीचा लगाम आपल्याला सांभाळत नाही, तेथे त्रेचाळीसांचा मागताना थोडे थांबून विचार करावा, एवढे त्यातून निघतेच.

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो, हे धंद्यामुळे मला जवळून पाहावे लागते. मोटार अपघात दावा अधिकरणापुढे मृत तरुणाच्या आयुष्याचा हिशेब होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निवाड्यांत त्याची रीत घालून दिली आहे. समजा, बावीस वर्षांचा अविवाहित मुलगा. ठराविक पगार महिना २०,००० रुपये. वर्षाचे झाले २,४०,०००. पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के मिळवले, ३,३६,००० झाले. अविवाहित, म्हणून निम्मे तो स्वतःवर खर्च करील असे धरून वजा केले, उरले १,६८,०००. वयाप्रमाणे गुणक १८. उत्तर आले ३०,२४,०००. शिवाय अंत्यविधीचा खर्च, आईवडिलांना पुत्रसहवासाच्या हानीबद्दल काही ठराविक रक्कम. हिशेब संपला. न्यायालयावर यासाठी निष्ठुरतेचा आरोप करता येणार नाही. कोठेतरी आकडा लिहिणे भागच असते. आणि हा आकडासुद्धा दोष दुसऱ्याचा असेल तेव्हाचा. मुलगा स्वतःच्याच बेदरकारपणाने गेला असेल तर कलम १६६ खाली त्याच्या आईवडिलांना हा मार्ग बंद होतो. विमा नीट असेल आणि गाडी त्याच्याच नावावर असेल तर मालकाच्या वैयक्तिक अपघात-विम्याचे १५ लाख तेवढे उरतात. "जीव माझा आहे" या वाक्याचा अनुवाद अधिकरणाच्या भाषेत केला म्हणजे त्याचे असे होते. जीव त्याचा असतो. परंतु तो गेल्यावर त्याचे मोल दुसऱ्यांना मागावे लागते, आणि पुष्कळदा मागताही येत नाही.

वडिलांचीही सुटका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वीच्या दंडसंहितेत कमाल शिक्षा २ वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ५ वर्षे आहे. पण दंडाची भीती घालून नीती शिकवता येते असे मला वाटत नाही. पोलीस नसलेल्या चौकात जो थांबतो, तोच थांबायला शिकला.

मग उपाय बंदीचा काय? तोही मला पटत नाही. ज्याच्या हाती कधी शक्ती आलीच नाही, त्याच्या संयमाचे कौतुक ते काय करायचे? दुर्बळाची अहिंसा आणि दरिद्र्याचा त्याग यांची आपल्या परंपरेने फारशी थोरवी गायिलेली नाही. देवांनाही वाहने आहेत. देवीला सिंह आहे, विष्णूला गरुड, शंकराला नंदी. बळ नाकारून देवत्व आलेले नाही. बळावर आसन स्थिर ठेवून आले आहे. गोव्याच्या रस्त्यांवर पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकली घेऊन उतारू नेणारे 'पायलट' आमच्या कोकणी वाचकांना ठाऊक आहेत. पाठीमागे अनोळखी माणसाचा जीव घेऊन दिवसभर हाकणारा तो मनुष्य वेगाची भाषा जाणतो, पण ती उठल्यासुटल्या बोलत नाही. मागच्याचा भार हा त्याचा लगाम असतो. वाहन या शब्दात वाहून नेणे आहे. आपण कोणाकोणाला वाहून नेत आहोत याचे भान, हेच शक्तीच्या उपभोगाला धर्म्य करते. एकटा स्वारही एकटा नसतो. त्याच्या पाठीशी न दिसणारी आई बसलेली असते.

हस्सू खाँसाहेबांची आख्यायिका ग्वाल्हेरात प्रत्येक गाणाऱ्याला ठाऊक आहे. दरबारात प्रतिस्पर्धी बडे महंमद खाँ यांनी त्यांना एक अत्यंत अवघड, विजेसारखी कडाडणारी तान पुन्हा घेण्यास भरीस घातले. ती घेताना त्यांच्या छातीला इजा झाली आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असे सांगतात. ही कथा शौर्याची म्हणून सांगण्याची प्रथा आहे. मला ती निराळी वाटते. तान त्यांना एकदा साधली होती. तेथे विद्या पूर्ण झाली होती. दुसऱ्यांदा ती घेतली गेली ती श्रोत्यांच्या वाहवेसाठी आणि प्रतिस्पर्ध्याच्या आव्हानासाठी. शक्तीने त्यांचा घात केला नाही, दुसऱ्याच्या नजरेने केला. रस्त्यावर पडणाऱ्या आमच्या मुलांच्या बाबतीतही पुष्कळ वेळा असेच घडते. मागून एखादा मित्र "अजून" म्हणत असतो.

तेव्हा निर्णय असा. या उघड्या, बलिष्ठ यंत्राचे आकर्षण पाप नव्हे. ते तारुण्याला आपल्या शक्तीची जाणीव होण्याचे एक रूप आहे, आणि त्याला सरसकट हिणवणारे वडील मुलाशी संवादाचा दरवाजा आपल्या हाताने बंद करतात. परंतु हे आकर्षण पुण्यही नव्हे, आणि त्याच्या उघडेपणाला सत्याचे वस्त्र पांघरू नये. घरात अशी गाडी येण्याआधी "ती किती पळते" हा प्रश्न मुलाला विचारण्याची गरज नाही. ते त्याला पाठ असते. त्याला विचारावे की ती किती अंतरात थांबते, ओल्या रस्त्यावर किती अंतरात थांबते, आणि मित्र मागून "अजून" म्हणाला तर तू काय करशील. ही उत्तरे तो शांतपणे देऊ शकला, शिरस्त्राण सांगितल्याशिवाय डोक्यावर चढले, परवाना आणि विमा यांची कागदपत्रे जागेवर असली, तर किल्ली त्याच्या हाती द्यावी आणि गाडीला कुंकूही लावावे. उत्तरे आली नाहीत, तर चाकाखाली कितीही लिंबे ठेवली तरी ती गाडी पुजलेली होत नाही.